एवढासा तर तुकडा!

डॉक्टरांनी ब्लडप्रेशरमुळे अण्णांचं मीठ तोडलं आणि त्यांच्या घरात सलामी 'मोत्यासाठी' येऊ लागली.

मोत्या म्हणजे त्यांचा लॅब्रेडॉर. पाकीट फाडल्याचा आवाज झाला की तो आतल्या खोलीतून फरशीवर नखं वाजवत हजर. अण्णा एक चकती त्याला देतात, एक स्वतःच्या तोंडात टाकतात. पाहुण्याला एकट्याला जेवू घालणं बरं दिसत नाही म्हणून! काकूंनी डोळे वटारले की वाक्य ठरलेलं, "अगं, एवढासा तर तुकडा! त्यानं काय होतंय?"

अण्णांचा पिंडच आग्रहाचा. पंगतीत जिलबी वाढायला निघाले की पानावर आडवा धरलेला हात हटवूनच पुढे जायचे. आता बुफे आले, आग्रह गेला. 'पुरे' न म्हणणारा एकच जेवणारा उरला, तो टेबलाखाली बसतो.

शेवटी काकूंनी दोघांनाही जनावरांच्या डॉक्टरांपुढे उभं केलं. "अण्णा, १०० ग्रॅम सलामीत दोन ते चार ग्रॅम मीठ असतं. कुत्र्याला मीठ फार झालं तर तहान, उलट्या, अगदी झटकेसुद्धा येतात. चरबीनं स्वादुपिंड सुजू शकतं. आणि सॉसेजमध्ये कांदा-लसणाची पूड असली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात."

"हॅम?"

"नको."

"बरं, गोव्याची चोरिसं?"

"त्यात तर मीठ, मिरची, लसूण, सगळंच! चुकून एखादी चकती पोटात गेली तर एवढ्या दांडग्या कुत्र्याला सहसा काही होत नाही. भरपूर पाणी ठेवा, लक्ष ठेवा. पण रोज नको."

अण्णांनी त्यातला 'चुकून' तेवढा ऐकला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हातून चकत्या चुकून पडू लागल्या.

मग काकूंनी पाकीटच बंद केलं. आता मोत्याला बिनमिठाचं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन मिळतं. पहिल्या दिवशी अण्णांनी आधी स्वतः चाखून पाहिलं, तोंड कडू केलं आणि "कसं रे खाशील बाबा हे अळणी?" म्हणत वाडगं खाली ठेवलं. मोत्यानं ते सलामीच्याच उत्साहानं चाटूनपुसून साफ केलं. अण्णांच्या ते भलतंच मनाला लागलं. "ह्याला चवच कळत नाही!"

"कळते हो," काकू म्हणाल्या, "फक्त तो वाढणाऱ्याला नावं ठेवत नाही. बसा, तुमची अळणी आमटी निवतेय."