हुबेहूबराव

'जुने गेम कॉम्प्युटरवर चालतात का हो?' असं हुबेहूबरावांना विचारलंत, की ते आधी चष्मा काढून पुसतात. मग म्हणतात, 'चालतात म्हणजे नेमकं काय?' शहाण्यानं इथंच चपला शोधायला लागावं.

आपला हिशेब सरळ असतो. सुपर निन्टेंडो हा गेमचा डबा १९९० सालचा, प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झचा. घरातला कॉम्प्युटर जवळपास हजारपट वेगवान. मग अडतंय कुठं? यावर हुबेहूबराव खिन्न हसतात. वेग नव्हे हो, वेळ! त्या डब्यात प्रोसेसर, चित्राची चिप, आवाजाची चिप एकाच वेळी राबतात, आणि आवाजवालीचं घड्याळसुद्धा निराळं. एम्युलेटरला, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, ही सगळी सोंगं एकट्यानं वठवायची असतात, शिवाय दर क्षणाला थांबून कोण कुठवर आलंय ते बघायचं. सगळी ताकद त्या बघण्यातच जाते.

त्यात तेव्हाचे प्रोग्रामर एकेक बिलंदर. टीव्हीवर एखादी रेघ उमटत असतानाच, तिच्या अर्ध्यावरच, ते चिपेला नवा हुकूम द्यायचे. 'एअर स्ट्राइक पॅट्रोल'मध्ये विमानाची जमिनीवरची सावली अशीच पडते. रेघ सबंध एका दमात काढणाऱ्या ढोबळ एम्युलेटरमध्ये विमान उडतं, बॉम्ब पडतात, सावली गायब! त्या सावलीसाठी हुबेहूबरावांनी नवा कॉम्प्युटर घेतला. घरी सांगितलं, पोरीच्या अभ्यासाला. आता सावली पडते. विमानही पडतं, कारण यांची नजर सतत सावलीवर.

सेगा सॅटर्नचं नाव निघालं की मात्र आवाज कातर होतो. १९९४ चं यंत्र. दोन मुख्य प्रोसेसर, तेही एकाच वाटेवरून मेमरीकडे जाणारे. चित्राच्या दोन चिपा, आवाजाला मोटोरोलाचा ६८०००, सीडी सांभाळायला आणखी एक. एकाच माणसानं टाळ, पखवाज, पेटी वाजवत अभंगही म्हणायचा, तसलं काम. वर हे यंत्र चौकोनांनी चित्र रचायचं, आणि आजची ग्राफिक कार्डं त्रिकोणांवर पोसलेली.

'अहो, पण तुम्ही खेळता कधी?' वहिनी विचारतात. हुबेहूबराव त्यांच्याकडे दयेनं बघतात. (खेळणं हे चालत असलेल्या गेमचं काम, असं काहीसं त्यांचं मत असावं.)

गंमत अशी, की यांचं बालपण ज्या डब्यावर गेलं तो निन्टेंडो नव्हताच. नव्वदच्या दशकात घरोघरी मारिओ नि कॉन्ट्रा ज्यांवर खेळले गेले, ते बहुतेक नकली डबेच. अशा बऱ्याच डब्यांत आवाजाच्या चिपेच्या दोन सेटिंगांची अदलाबदल झालेली असे, त्यामुळे गाण्यांचा नादच वेगळा यायचा. परिणामी अस्सल मारिओचं संगीत हुबेहूबरावांना आजही बनावट वाटतं. काही एम्युलेटरांत ही चूक मुद्दाम चालू करायची सोय आहे. ती त्यांनी केव्हाच चालू केली. अ‍ॅडॉप्टर तापल्यावर यायची ती घरघर मात्र कुठंच नाही, आणि त्याबद्दल एम्युलेटरच्या कर्त्याला लिहायच्या तक्रारपत्राचा तिसरा खर्डा सध्या चालू आहे.