पऱ्हाटीतली बाई संगणकात कशी वाकवावी

साहित्य : ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आत हाडांचा सांगाडा बसवलेली एक तयार मानवाकृती, आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कुठलंही कापसाचं वावर. वावर दिवाळीच्या सुमारास पाहावं; तेव्हा बोंडं फुटलेली असतात आणि बाया पऱ्हाटीच्या तासांत सापडतात. संगणक घरीच ठेवावा.

पायरी १. आकृती उघडा. दोन्ही हात आडवे पसरून ती ताठ उभी असेल. अशा बाईला कुठलाच कास्तकार वेचणीला लावणार नाही, तरी नाउमेद होऊ नका.

पायरी २. समोर बोंड लागलेली पऱ्हाटी ठेवा आणि आधी एकेक सांधा फिरवून पाहा. कंबर, खांदा, कोपर, मनगट. हात बोंडापासून वीतभर अलीकडे राहील. कंबर आणखी वाकवा. आता तो बोंडाच्या पलीकडे जाईल. या वेगानं संध्याकाळपर्यंत एक बोंड वेचून होईल. वेचणीची मजुरी किलोवर असते, हे ध्यानात घ्या.

पायरी ३. आता उलटे चला. वेचणारी बाई कोपराचा कोन मोजत नाही. बोटं बोंडाकडे जातात, बाकीचं अंग मागून येतं. संगणकात याला आयके म्हणतात. बोंडावर एक लक्ष्य ठेवा आणि कोपराखालच्या हाडाला आयकेचं बंधन लावून ते लक्ष्य त्यात नोंदवा. हाडं दोनच असली, तर कोपराचा कोन ज्युनिअर कॉलेजातल्या कोज्या नियमानं निघतो. हाडं वाढली की बरोबर उत्तरं अगणित होतात आणि संगणक हळूहळू जवळ सरकतो. १९९१ ची सीसीडी पद्धत टोकापासून एकेक सांधा लक्ष्याकडे वळवते. अरिस्टिडू आणि लॅसनबी यांची २०११ ची फॅब्रिक पद्धत बोंडाकडून खांद्याकडे आणि खांद्याकडून बोंडाकडे येरझारा घालते.

पायरी ४. साखळीची लांबी तपासा. ब्लेंडरमध्ये तिथं आधीच ० असतो, आणि त्याचा अर्थ ‘मुळापर्यंत सगळी हाडं’. मग बोंड हलवलं की पाठीचा कणाही ओढला जातो. हातासाठी २ लिहा. दुसऱ्या हाताला वेगळं लक्ष्य द्या; वेचणीला दोन्ही हात चालतात.

पायरी ५. पावलांनाही आयके लावून लक्ष्यं जमिनीवर पक्की करा. नाहीतर कंबर खाली घेतली की पावलं मातीत रुततील. काळ्या रानात पावसाळ्यात हे खरं वाटेल, वेचणीच्या दिवसांत नाही.

पायरी ६. हात बोंडावर पोचला, पण कोपर पऱ्हाटीच्या खोडातून आरपार गेलंय? गणिताची याला हरकत नसते. कोपरानं कुठल्या दिशेला वळावं हे सांगणारं दुसरं लक्ष्य मागच्या बाजूला ठेवा. मूळ सांगाड्यातच कोपर किंचित वाकलेलं असू द्या. अगदी सरळ हात कुठं मोडावा हे आयकेला उमगत नाही. आता फाइल सेव्ह करा. लाइन गेल्यावर ही पायरी करता येत नाही.

पायरी ७. वेचलेल्या कापसासाठी ओटी बांधा. इथून पुढं आयकेची मदत संपते. त्याला वजन कळत नाही. रिकाम्या आणि भरल्या ओटीची बाई त्याला सारखीच. खालच्या बोंडासाठी ते खुशाल गुडघे दुमडून देईल. वावरात मात्र झाडागणिक बसणं-उठणं परवडत नाही. बाई कंबरेतून वाकते आणि वाकलेलीच पुढच्या झाडाशी जाते. हा बाक हातानंच द्यावा लागतो, आणि तो किती द्यायचा हे पाहूनच कळतं.

तपासणी. चित्र एखाद्या वेचणाऱ्या बाईला दाखवा.

‘इले कंबर नाई का बाप्पा?’ असं ती म्हणाली, तर पायरी ७ पुन्हा करा.

‘हे का फोटो काढाले उभी हाये?’ म्हणाली, तर पायरी १ पासून सुरुवात करा.

‘इले किलोमागं काय देऊन रायले?’ असं विचारलं, तर आकृती जमली. उत्तर तयार ठेवा.