अर्जदार बाबूराव मेस्त्री, राहणार करवीर

तंत्रज्ञान-कंपनीच्या उच्चासनावरून उतरलेल्या पुरुषाने पुढे नवोन्मेषाचा अग्रणी व्हावे, हा आजचा आश्रमधर्म आहे. गृहस्थाश्रमात त्याने समभाग जमवावेत, वानप्रस्थात सल्लागार मंडळांवर बसावे, आणि संन्यासाश्रमात कोल्हापुरास विमानाने येऊन, ज्यांचे वडील उद्यमनगरात तीस वर्षे लेथवर उभे आहेत अशा पोरांना 'जोखीम पत्करा' असा उपदेश करून, चहापानानंतरच्या विमानाने परतावे. अशा सभांतून नवोन्मेषकाच्या पात्रतेचे जे निकष कानी पडतात, ते या गावच्याच एका जुन्या उमेदवारास लावून पाहावेत, या हेतूने आम्ही कै. बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ पेंटर यांचा एक अर्ज कल्पिला, आणि छाननी समितीचे कामही विनामानधन आम्हीच उरकले. तपशील येणेप्रमाणे.

अर्जदाराचा जन्म १८९० चा, पदवी नाही, धंदा नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्याचा. तंत्रशिक्षणाच्या रकान्यात एवढीच नोंद आढळते की, १९१३ साली अर्जदाराने व त्याचे नात्यातील बंधू आनंदराव यांनी मुंबईच्या चोरबाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र विकत आणले आणि त्यावरूनच ती विद्या आत्मसात केली. चोरबाजार ही मान्यताप्राप्त संस्था नसल्याने दाखला ग्राह्य धरता आला नाही. याउलट दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, त्यांच्या प्रकरणी निदान परदेशदौरा तरी दाखविता येतो. या बंधूंनी कॅमेरा घरीच करावयास घेतला, तेव्हा प्रवासभत्त्याचे एकही बिल दफ्तरी नाही.

कॅमेरा घरी करणे म्हणजे काय, हे समितीपुढे येणाऱ्या सादरीकरणांत सहसा नसते, म्हणून येथे नमूद करतो. हाताने दांडा फिरवावयाचा, आणि त्या एका अखंड फिरण्यातून आत दोन परस्परविरोधी गोष्टी घडवून आणावयाच्या: फीत सेकंदाला सुमारे सोळा वेळा पुढे सरकली पाहिजे आणि सोळाही वेळा भिंगामागे निश्चल उभी राहिली पाहिजे. ती सरकत असताना झडपेने उजेड अडवावयाचा, थांबताच सोडावयाचा. फितीच्या कडेच्या छिद्रांत आकडा शिरून प्रत्येक खेपेस नेमकी चार छिद्रे ओढणार, आणि त्यात केसभर अंतर पडले की पडद्यावरच्या द्रौपदीस कापरे भरणार. हे सारे दातेरी चाकांच्या हिशेबाने आणि कानशीच्या अंदाजाने. आनंदराव १९१६ साली, काम अर्धवट असतानाच, वारले. १९१८ साली बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने कॅमेरा पुरा केला. सहसंस्थापकाच्या निधनाची वार्ता गुंतवणूकदारांना कोणत्या शब्दांत कळविली, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण कळवावे असे गुंतवणूकदारच नव्हते. पुढे अर्जदाराच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. आणि त्यांनी तत्पूर्वी पंचवार्षिक नफ्याचा तक्ता मागविल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

उत्पादनाविषयी समितीचे मत प्रतिकूल आहे. 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली पुण्यात झळकला तेव्हा त्यातील कीचकवध इतका खरा वाटला की तो प्रसंग कापावा लागला. म्हणजे पहिलाच माल सदोष. लोकमान्यांनी 'सिनेमाकेसरी' ही पदवी दिली, परंतु तिजसोबत अनुदान नव्हते. १९२३ च्या 'सिंहगड'साठी अर्जदाराने कृत्रिम प्रकाशात चित्रण केले, आणि त्या चित्रपटास लोटलेली गर्दी पाहूनच महसूल खात्याला करमणूक कराची कल्पना सुचली, असे सांगतात. हे खरे असल्यास सरकारदरबारी नवोन्मेषाची दखल अत्यंत तत्परतेने घेतली गेली, असे म्हणणे भाग आहे. १९२५ साली अर्जदाराने पुराणे बाजूला ठेवून 'सावकारी पाश' काढला. कर्जात बुडालेला शेतकरी हा विषय कोणाही प्रायोजकास रुचणारा नव्हे.

एकच बाब समितीस समाधानकारक वाटली. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम ही कंपनीची चार माणसे बाहेर पडली आणि त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली, जिच्या 'संत तुकाराम'चा पुढे १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरव झाला. उत्तम माणसे अशी निघून जाणे यास त्या काळी नुकसान म्हणत. आज त्याला इकोसिस्टिम म्हणतात, आणि त्यावर एक स्वतंत्र परिसंवाद होतो. अर्जदाराने मात्र तो भरविला नाही. कंपनी मिटल्यावर, काही बोलपट काढून, हा गृहस्थ पुन्हा रंग-कुंचल्याकडे आणि मूर्तिकामाकडे वळला. ज्या वयात माणसाने दुसऱ्यांना मार्गदर्शन करावयाचे, त्या वयात हा स्वतःच काम करीत बसला, हा दोष समितीच्या मते अक्षम्य होय.

शेरा: नामंजूर. अर्जदारास कोणतीही वस्तू प्रत्यक्ष न करता निदान तीन वर्षे त्या वस्तूविषयी बोलण्याचा अनुभव असल्यास, तसा दाखला जोडून फेरविचार मागता आला असता. परंतु अपिलाची मुदत दिनांक १६ जानेवारी १९५४ रोजी, अर्जदाराच्या निधनाने, संपुष्टात आली आहे.