अंगठेबहाद्दर

डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्लेनोच्या पट्ट्यात, मराठी मंडळींच्या पॉटलकला गेलात की हे काका हमखास भेटतात. पुण्यातच राहिले असते तर मिक्सरच्या मोटरवर त्यांनी तुमचा तासभर खाल्ला असता. टेक्सासात ग्रीन कार्ड आलं, घर झालं, पोरं कॉलेजला गेली आणि काकांना पिस्तूल सापडलं. एकावर भागेना, कारण मग तुलना कशाशी करणार? भारतात २०१९च्या कायदादुरुस्तीपासून परवानाधारकाला साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात, हे कळल्यावर त्यांना मायदेशाची मनापासून कीव आली. "दोनांत काय कळतं माणसाला!"

काकांचं आराध्यदैवत म्हणजे १९११. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, पॉइंट ४५ची गोळी, मॅगझीनमध्ये सात, आणि रिकामं असतानाच वजन किलोच्या वर. त्याची सेफ्टी फ्रेमवर, अंगठ्याजवळ. खाली दाबली की पिस्तूल तयार, वर केली की बंद. हे अंगठ्यात मुरतंय तोच काकांनी बेरेटा ९२ एफएस आणलं. त्याची सेफ्टी स्लाइडवर आणि नेमकी उलटी: वर म्हणजे तयार, खाली म्हणजे बंद. भारतातून नुकताच आलेला माणूस वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावतो, तसं काकांचं झालं. रेंजवर पाय रोवले, हात लांब केले, अंगठा सवयीने खाली ओढला, चाप दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. शेजारच्या लेनमध्ये धडाधड बार चाललेत आणि काका लख्ख उन्हात वायपर फिरवत उभे.

मग सिग पी२२६. त्याला अंगठ्याची सेफ्टीच नाही, घोडा अलगद उतरवायची कळ आहे. तिच्या मागे स्लाइड अडवणारी कळ, आणि ती नेमकी १९११वाल्याचा अंगठा टेकतो तिथे. शेवटची गोळी गेली की स्लाइड मागे अडकून राहायला हवी. काकांनी कळ दाबून धरलेली, त्यामुळे ती खुशाल पुढे जाऊन बसायची. पिस्तुलातच खोट आहे, असा निकाल काकांनी दिला. रेंजवरच्या पोराने स्वतः मॅगझीन रिकामं करून दाखवलं. स्लाइड निमूट मागे अडकली. "इट्स युअर थम, सर." परतीच्या वाटेवर काका गाडीत जर्मन-स्विस इंजिनिअरिंगच्या ऱ्हासावर बोलत होते. हेकलर अँड कॉकच्या पी३०मधून मॅगझीन काढायला चापाच्या कड्याजवळची कळ खाली दाबावी लागते, बटण नसतंच. हे कळलं त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत.

काकूंनी एकच घेतलं, ग्लॉक १७. बाहेर सेफ्टीची कळ नाही, जी आहे ती चापातच. नेम धरेपर्यंत बोट चापाला लावायचं नाही, एवढं पथ्य. काकूंच्या गोळ्यांची भोकं तळहाताएवढ्या जागेत पडतात. "त्यात गंमत नाही," काका म्हणतात. काकांच्या कागदावर गंमत चहूकडे पसरलेली असते.

२०२१ पासून टेक्सासात बहुतेक प्रौढांना पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागत नाही. काका मात्र रिकाम्या हातानेच बाहेर पडतात. कुठलं न्यायचं, ते अजून ठरलेलं नाही.

नवख्याला मात्र त्यांचा सल्ला ठाम असतो. "एकच घे. रोज पिस्तूल बदललंस की हात गोंधळतो. घरी रिकामं कर, दोनदा तपास, मग सराव. अंगठा एकनिष्ठ हवा." सल्ला शंभर टक्के खरा आहे, आणि त्यांच्याइतक्या अधिकाराने तो दुसरं कोण देणार?

परवा एका नव्या मुलाने मान डोलावून ऐकलं आणि पुरणपोळीचं ताट डाव्या हातात घेता घेता सहज म्हणाला, "काका, मी डावखुरा आहे."

काकांचे डोळे चमकले. "अरे वा! मग आपल्याला सगळं पहिल्यापासून बघावं लागेल."