फोर-बाय-फोर गृहस्थ

जुन्या मारुती जिप्सीचा मालक हा गृहस्थ मध्य प्रदेशातल्या बालाघाटात साधारण पंचेचाळिशीनंतर आढळतो. मुलं मार्गी लागलेली, घराचं कर्ज फिटलेलं आणि डोक्याला ताप म्हणून काहीच उरलेलं नाही, ही पूर्वलक्षणं. पेशाने तो शिक्षक, वकील, औषधविक्रेता किंवा भरवेलीच्या मँगनीज खाणीतला नोकरदार असू शकतो. घरात रोज सुरू होणारी दुसरी गाडी असतेच. तिच्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

या छंदाला इथली हवा मानवते. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की प्रवेशद्वार याच जिल्ह्यात आहे. तिथे उघड्या जिप्सीतून सफारी केल्यावर इतर मंडळी वाघाबद्दल बोलतात, हा गिअरबॉक्सबद्दल बोलतो. उत्तरेला जबलपूर. तिथल्या व्हेइकल फॅक्टरीत निस्सान पॅट्रोलवर बेतलेली लष्करी जोंगा बनत असे. गृहस्थाचा जीव खरा जोंगावर. पण सुमारे चार लिटरच्या त्या पेट्रोल इंजिनाचा खुराक पगारदाराला झेपत नाही, म्हणून तो जिप्सीवर येतो. ही गाडी 1985 मध्ये 970 सीसी इंजिनासह आली, 1996 मध्ये तिला 1.3 लिटरचं इंजिन मिळालं आणि 2019 च्या सुमारास ती बंद झाली. ती बंद झाल्यापासून गृहस्थ ‘आता असं लोखंड होणे नाही’ असं म्हणतो.

खरेदी तज्ज्ञाच्या थाटात होते. तो गाडीखाली झोपतो आणि पेचकसाच्या मुठीने चेसिस ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आवाज आला तर गंज. विकणाऱ्याने खालून ताजा काळा रंग मारलेला असला की समजावं, झाकण्यासारखं काहीतरी आहे. गृहस्थाला हे सगळं समजतं आणि तरीही तो बयाणा देतो.

पुढचा टप्पा कागदपत्रांचा. दिल्लीच्या राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे तिकडच्या पुष्कळ जिप्सी बाहेर पडल्या. अशी गाडी घेतली तर तिकडचं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला कर आणि मग एमपी 50 चा क्रमांक, असा प्रवास होतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. 2022 मध्ये हे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झालं. हा आकडा घरी सांगताना एक शून्य गळतं.

देखभाल मात्र स्वतःच करायची, हा बाणा. रविवारी सकाळी पुढचं चाक जॅकवर चढतं. गृहस्थ टायर वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवतो. ‘खट्’ असा आवाज आला की किंगपिनचं बेअरिंग सैल. साठच्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं ते यामुळेच. मग स्टीअरिंगचं नकल उघडायचं, जुनं ग्रीस काढायचं, बेअरिंग बदलायचं आणि पातळ शिम कमी-जास्त करून ताण जुळवायचा. जोडणी संपल्यावर फरशीवर एक वॉशर शिल्लक राहतो. तो कुठला, यावर दुपारपर्यंत विचार होतो. संध्याकाळी मिस्त्री येतो, ‘भाईसाहब, किसने खोला था?’ विचारतो आणि गृहस्थ आभाळाकडे बघतो.

सुटे भाग गोंदिया, नागपूर किंवा जबलपूरहून येतात. त्यामुळे या गावांतल्या नातलगांना त्याचा फोन आला की ते खुशाली सांगण्याआधी पार्ट नंबर लिहून घेतात. पत्नीचा प्रश्न वर्षभर एकच असतो, ‘अहो, आता तरी झाली का?’ उत्तरही ठरलेलं, ‘एवढं एक काम झालं की टकाटक.’

वापराचा भाग थोडक्यात आटोपतो. जिप्सीची चारही चाकं जोडून कोरड्या डांबरावर चालवली तर वळणावर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक जिरत नाही आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. म्हणून तिला चिखल लागतो. चिखल पावसाळ्यात होतो आणि नेमकं तेव्हाच, जुलै ते सप्टेंबर, कान्हा बंद असतं. शेवटी गृहस्थ बैहर रस्त्याने गांगुलपारा धबधब्याकडे निघतो, वाटेत एखादं डबकं गाठतो, लिव्हर ओढतो आणि जिथून कुणाचीही मोटारसायकल सहज गेली असती तिथून विजयी मुद्रेने बाहेर पडतो. गाडी घरी आल्यावर धुतली जाते. दारावरचा चिखल मात्र सोमवारपर्यंत ठेवला जातो.

अशी गाडी सहसा विकली जात नाही. गिऱ्हाईक आलं तर गृहस्थ आधी दोष सांगतो, मग गुण सांगतो आणि शेवटी अशी किंमत सांगतो की गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जातं. क्वचित सौदा जमलाच तर त्याचं कारण एकच असतं: जबलपूरला कुणाकडे तरी एक जोंगा उभी असल्याची खबर लागलेली असते.