ज्याचा पट्टा, त्यानेच उचलावं

कुत्रा तुमचा, त्याचे लाड तुमचे, वाढदिवसाचे फोटोही तुमचे. मग फुटपाथवर पडलेली त्याची शी तेवढी महापालिकेची कशी?

मुंबईत कायद्याने हा प्रश्न केव्हाच निकालात काढलाय. महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींप्रमाणे पाळीव प्राण्याने सार्वजनिक जागी केलेली घाण मालकाने उचलली नाही, तर ५०० रुपये दंड ठरला. नियम चांगला आहे, स्पष्ट आहे. पण तुमच्या ओळखीतल्या किती कुत्रेवाल्यांनी ही पावती फाडून घेतलीय, विचारून बघा.

पकडणार तरी कसं? सगळा मामला मिनिटभराचा, तोही पहाटे किंवा रात्री जेवणं झाल्यावर. त्या वेळी कोपऱ्यावर कुणी उभं नसतं. २००७ मध्ये घाण करणाऱ्यांकडून दंड घेणारे क्लीन-अप मार्शल आले, मग त्यांचं येणं-जाणंच चालू राहिलं. नुसत्या पहाऱ्यावर हा नियम चालणार नाही, हे एव्हाना कळायला हवं होतं.

त्यात आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. मोठ्या सोसायट्यांत मालक खाली उतरतच नाही. एक पोरगा एकाच हातात तीन पट्टे गुंडाळून निघतो. त्याला पैसे मिळतात ते फिरवण्याचे. हातात पिशवी कुणी दिलेली नसते, उचलायला कुणी सांगितलेलं नसतं. उद्या पालिकेच्या माणसाने अडवलंच, तर दंड त्या पोराच्या खिशातून जाणार आणि सोफ्यावर बसलेल्या मालकाला पत्ताही लागणार नाही. हा न्याय नव्हे. मुंबई-पुण्यात कुत्र्याचा परवाना काढणं बंधनकारक आहे. मग दंडाची पावती त्या परवान्यावर चढू दे आणि थकलेला दंड भरल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण होऊ नये. पट्टा कुणाच्याही हातात असो, जबाबदारी मालकाचीच.

आपण न उचललेलं शेवटी कोण उचलतं, हे एकदा थांबून बघा. ओली शी खराट्याने निघत नाही, ती फरशीवर फासली जाते. झाडणारी बाई आधी तिच्यावर माती लोटते, मग पुठ्ठ्याच्या तुकड्याने खरवडते, मग सुपलीत घेते. खराट्याच्या काड्यांत अडकलेलं फुटपाथच्या कडेवर आपटून काढते आणि पुढच्या ढिगाकडे वळते. तिच्या पगारात शहराचा कचरा काढणं येतं. तुमच्या घरातल्या जनावराचं काढणं तुमच्याकडेच यायला हवं.

‘मातीत मिसळून जातं, खतच होतं’ हा युक्तिवाद तर साफ चुकीचा आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमींची अंडी मातीत उतरतात आणि तिथे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. बागेत खेळणारी पोरं तेच मातीचे हात तोंडात घालतात. हुककृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून थेट आत शिरतात. कुत्र्यांचंही यात भलं नाही. पिल्लांचा जीव घेणारा पार्व्हो विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतूनच पसरतो. तुमचं लाडकं पिल्लू रोज तिथेच नाक खुपसतं.

जगात दोन मोठ्या शहरांनी या प्रश्नाला दोन वेगळ्या वाटांनी हात घातला. न्यूयॉर्कमध्ये १ ऑगस्ट १९७८ पासून राज्याचा कायदा लागू झाला: तुमच्या कुत्र्याची घाण तुम्ही उचला, नाहीतर दंड भरा. सेवाश्वान वापरणाऱ्यांना त्यातून सूट दिली. तेव्हा श्वानप्रेमींनीच विरोध केला होता. कुत्रे पाळणं अशक्य होईल, म्हणत होते. पुढे पिशवी घेऊन फिरणं तिथे अंगवळणी पडलं आणि न उचलणाऱ्याला शेजारीच हटकू लागले. पॅरिसने उलटं केलं. १९८० च्या दशकात तिथल्या पालिकेने घाण शोषून घेणाऱ्या खास मोटारसायकली रस्त्यावर उतरवल्या. खर्च अफाट आणि उचललं जायचं थोडंच. शेवटी त्या गाड्या बंद करून पॅरिसलाही मालकाकडून दंड घेण्यावरच यावं लागलं. पालिका उचलते म्हटलं की मालकाचा हात खाली जात नाही, हा धडा पॅरिसने पैसे मोजून घेतला. आपण तो फुकट घ्यावा.

आता नेहमीची पळवाट: ‘भटक्या कुत्र्यांचं कोण उचलतं? आधी त्यांचं बघा.’ भटक्या कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे, नसबंदीची कामं रेंगाळतात हेही खरं. पण त्या कुत्र्यांना मालक नाही, तुमच्याला आहे. ज्याला मालक आहे त्याने तरी आपलं बघावं, एवढंच मागणं आहे.

सोसायट्यांनीही जरा जपून. परस्पर दंड आकारण्याचा अधिकार सोसायटीला नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना सांगतात. मात्र मालकाने घाण उचलावी, हा सल्लाही त्याच सूचनांत आहे. तेव्हा भांडणं नकोत. गेटपाशी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवा आणि सगळ्यांना सारखं सांगा.

उचलायचं कसं, हे अवघड अजिबात नाही. वर्तमानपत्राचं पान दुमडून हातात घ्या, शी कागदात धरा, घरी नेऊन संडासात टाका आणि पाणी ओता. कागद वेगळा गुंडाळून कचऱ्यात द्या. ओल्या कचऱ्याच्या डब्यात नको, सोसायटीच्या खतात तर मुळीच नको. आणि कुत्रा फिरवायला माणूस ठेवला असेल, तर हे काम त्याला नीट समजावून सांगा, कागद-पिशवी द्या आणि त्याचे पैसे वाढवा.

महापालिकेकडे मागण्या तीन: परवाना देताना हा नियम छापील मराठीत मालकाच्या हातात ठेवा, दंड परवान्यावर चढवा आणि बागांच्या दारांशी झाकणाचे वेगळे डबे बसवा. यातलं काहीही फार अवघड नाही. आणि मालकाला तर महापालिकेचीही वाट बघावी लागत नाही. उद्या सकाळी खुंटीवरचा पट्टा काढाल, तेव्हा सोबत कागद घ्या. कागद नसेल तर जिना उतरू नका.