किल्लो व्हयो काय कलेक्टर?

पहाटे फलाटावर उतरलो. समोर ठळक पाटी : सिंधुदुर्ग. गळ्यात दुर्बीण, पिशवीत कोरडे कपडे, कारण होडीत भिजणार हे मी घरूनच ठरवून आलेलो. खारा वारा हुंगायला नाक वर केलं, तर ओल्या मातीचा आणि कुणाच्या तरी विडीचा वास आला.

"समुद्र कुठल्या बाजूला?" बाहेर एका रिक्षावाल्याला विचारलं. त्याने मला खालून वर न्याहाळलं, दुर्बिणीपाशी जरा थांबला आणि म्हणाला, "वायच लांब आसा. तुमी कसालाक जावा."

कसालचा तिठा म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाला मालवणचा रस्ता फुटतो ती जागा. चहावाल्याने काचेच्या पेल्यात चहा ओतता ओतता एकच प्रश्न केला : "तुमका किल्लो व्हयो काय कलेक्टर?"

या जिल्ह्याचा सगळा भूगोल या प्रश्नात आहे. कणकवलीकडून येताना सरळ गेलात तर कलेक्टर, उजवीकडे वळलात तर तीसेक किलोमीटरवर किल्ला.

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तसंच हे झालं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला, तो सिंधुदुर्ग. १ मे १९८१ला रत्नागिरीतून वेगळा निघालेला जिल्हा, तोही सिंधुदुर्ग. मग कोकण रेल्वे आली आणि ओरोसचं स्टेशन सिंधुदुर्ग झालं. २०२१मध्ये चिपीला विमानं उतरू लागली, तो विमानतळही सिंधुदुर्गच. एकाच नावाचे चौघे, आणि चौघांच्या चुली वेगळ्या. पाण्यात पाय आहेत ते फक्त आजोबांचे.

मुख्यालयाची गंमत याहून न्यारी. सावंतवाडीला संस्थानाचा रुबाब, मालवणला बंदर, कुडाळ-कणकवलीला बाजारपेठा. कलेक्टर बसला तो यांतल्या कुणाच्याच अंगणात नाही, तर ओरोस बुद्रुकच्या माळावर. बुद्रुक म्हणजे फारसीतला बुजुर्ग, थोरला. एवढं थोरपण नावातच असताना वर 'सिंधुदुर्गनगरी' अशी पदवी मिळाली. ती सरकारी कागदावर. बाकी लोक ओरोसच म्हणतात. शिवाय हे गाव कुडाळ तालुक्यातलं, म्हणजे आठ तालुक्यांचा कलेक्टर गावात, पण त्याच गावच्या माणसाला तहसीलदार हवा तर कुडाळ गाठायचं. (कसालकरांनाही तेच. पण त्यांनी निदान नगरी असल्याचा दावा केलेला नाही.)

मी दुसरा चहा सांगितला. मालवणला जायला कशीबशी एक रिक्षा पटवली. तेवढ्यात मालवणहून आलेल्या गाडीतून एक आजी उतरल्या, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले सातबारे. त्या सरळ माझ्या रिक्षात जाऊन बसल्या.

"आजी, ही मी किल्ल्यासाठी..."

"किल्लो साडेतीनशे वरसां थयच आसा, तो खंय जाता? माजी तारीख आजची आसा. चल रे झिला, ओरोसाक."

झिलाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रिक्षा सरळ गेली. मी बाकड्यावर परत बसलो, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मालवणच्या एसटीची पाटी दिसते का ते बघू लागलो.